चेन बचाव समितीचा अध्यक्ष

३ जून
आज अध्यक्ष झालो.

दुपारी मालकांनी सगळ्यांना कटिंगच्या हॉलमध्ये बोलावलं. म्हणाले, परदेशी चेन आपल्या निम्म्या भावात बाजारात येऊन पडते आहे. बॅगवाले, जाकीटवाले, पर्सवाले, सगळे तिकडे पळाले. असंच चाललं तर ऑक्टोबरात पॅकिंग आणि तपासणी मिळून साठ माणसं कमी करावी लागतील. सरकारने बाहेरच्या चेनवर जबर आयात ड्युटी बसवली तरच आपण टिकू. पण हा आवाज कामगारांनी उठवायला हवा. मालकाने उठवला की लोकांना त्यात स्वार्थ दिसतो.

मग कोण उठवणार, असं त्यांनी विचारलं. हॉलमध्ये चिडीचूप. मी पाठ टेकायला खुर्ची मागे सरकवली, तिचा आवाज झाला. मालक म्हणाले, शाबास. टाळ्या पडल्या.

चेन बचाव समिती. अध्यक्ष: मी. सभासद: ठरायचे आहेत.

निवड योग्यच आहे. तपासणी विभागाचा प्रमुख म्हणून चौदा वर्षं झाली. दर शंभरातली एक चेन स्वतः उघडून-मिटवून बघतो. चेनची नस माझ्याइतकी कुणाला कळणार?

घरी हिला सांगितलं. हिने विचारलं, "त्या साठात तुम्ही आहात का?" हिला तत्त्वाआधी यादी दिसते.

४ जून, सकाळी ७
संकल्प: आजपासून घरात परदेशी वस्तू नको. सुरुवात स्वतःपासून.

घराची पाहणी केली. गजराचं घड्याळ परदेशी. दाढीचं मशीन, छत्री, टॉर्च, नेलकटर, कुलूप, हिची कात्री, सगळं परदेशी. बूट उलटे करून बघितले. तेही.

सकाळी ७.४०
यादीचे दोन भाग केले. अ: ताबडतोब बाहेर. ब: चळवळीसाठी आवश्यक. मोबाइल ब-मध्ये. पंखा ब-मध्ये, कारण उकाड्यात विचार सुचत नाहीत. बूट ब-मध्ये, अध्यक्ष अनवाणी गेला तर संस्थेची शोभा होते. अ-मध्ये शेवटी घड्याळ आणि नेलकटर उरले. दोन्ही खिडकीबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. मन हलकं झालं.

५ जून
चाळीस मिनिटं उशिरा पोचलो. हजेरीवर लाल खूण. चळवळ म्हटली की त्याग आलाच.

९ जून
समितीची पहिली सभा. पाच जण आले. दोघं चहा आहे असं समजून आले होते.

पण पॅकिंगच्या मावशी आल्या. बावीस वर्षं त्या चेनचे डझन बांधतायत. न बघता मोजतात. हात घातला की बाराच येतात. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, मुलगी शिकते आहे. सभा संपल्यावर त्या माझ्यापाशी थांबल्या. म्हणाल्या, "साहेब, मला दुसरं काहीच येत नाही हो. मला या वयात कोण घेणार?"

गलबलून आलं. त्यांना शब्द दिला. माझ्या अंगात जीव आहे तोवर तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही, असं म्हणालो. मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. विश्वास बसला असावा.

आता मागे फिरणं नाही.

१२ जून
धक्कादायक दिवस.

पोस्टर लावायला हिच्या कारखान्यात गेलो. कारखाना म्हणजे छापखान्याच्या मागचा लांबट हॉल, नऊ शिलाई मशिनं, नऊ बायका. शाळेची दप्तरं शिवतात. माझी ताईही तिथेच आहे. भाऊजी गेल्यापासून तिसऱ्या मशिनवर बसते, पट्टे जोडते. ताई म्हणजे आईनंतर आईच. मला तिनेच वाढवलं.

पोस्टर चिकटवायला भिंत शोधत होतो तर समोर खोक्यांची चळत. प्रत्येक खोक्यावर परकी अक्षरं. माझ्याच बायकोच्या कारखान्यात परदेशी चेन.

विचारलं, हे काय? ही म्हणाली, चेन. मी विचारलं, आमची का नाही? ही म्हणाली, तुमची अडते.

समजावलं. म्हटलं, आमची चेन थोडी कडक असते, वापराने मऊ होते. ही म्हणाली, दप्तर शाळेत जाणाऱ्या पोराचं असतं, चेन मऊ व्हायची वाट बघत ते बसत नाही. शिवाय तुमची चेन घातली की दप्तर महाग होतं, मग बाहेरून तयार येणाऱ्या दप्तरांपुढे आमचं कोण घेणार.

मी म्हटलं, इथे साठ माणसांचा प्रश्न आहे.

ही म्हणाली, "आणि इथे बसल्यात त्या नऊ कोण आहेत?"

नऊजणींनी मशिनं थांबवली होती. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. ताई मात्र खाली मान घालून पट्टाच शिवत राहिली.

साठ हे नऊपेक्षा मोठे असतात. पण ते तिथे बोललो नाही. बायकोचा मान ठेवला.

पोस्टर आणलं परत.

१९ जून
हिच्याशी सात दिवस अबोला. म्हणजे हीच बोलत नाही. माझी बाजू भक्कम असल्याचं हे लक्षण.

२१ जून
ही वळली. मावशींची हकीकत सांगितली, ती हिने हातातलं काम बाजूला ठेवून ऐकली. मग म्हणाली, एका शाळेची चारशे दप्तरांची ऑर्डर आहे, आणखी चारशेची नंतर येईल. पहिल्या चारशेला तुमची चेन लावून बघते. पण एकेक चेन तुम्ही स्वतः तपासून द्यायची. शंभरात एक असलं काही नको.

छातीवर हात ठेवून शब्द दिला. दप्तराला दोन, म्हणजे आठशे चेन. चार दिवसांचं काम. तत्त्वासाठी चार दिवस म्हणजे काय.

२४ जून
एकशेवीस झाल्या. सहा खराब निघाल्या. अंगठा सुजला.

२५ जून
मालकांनी सुनावणीसाठी निवेदन लिहायला सांगितलं. मोठं काम. उरलेल्या सहाशेऐंशी डोळ्यांनी पाहिल्या. चौदा वर्षांत नजर इतकी तयार झाली आहे की खोकं हातात घेतलं तरी मालाची तब्येत कळते. प्रत्येक खोक्यावर 'तपासले' चा शिक्का मारला. शाई पक्की, अक्षर सुबक.

ही म्हणाली, थँक्यू. लग्नाला सतरा वर्षं झाली, थँक्यू पहिलंच. थोडं अस्वस्थ वाटलं. अपचन असावं.

९ जुलै
एकशेसदतीस दप्तरं परत आली.

रनर, म्हणजे चेनवर वर-खाली सरकतो तो तुकडा, निसटतो आहे. शाळेच्या बाई हिला फोनवर म्हणाल्या, अर्धी मुलं दप्तर उराशी धरून येतात, एकाच्या वह्या चौकात सांडल्या, मागून गाडी येत होती. नशीब म्हणायचं. पुढची चारशेची ऑर्डर रद्द.

हिने एक दप्तर माझ्यापुढे टेबलावर ठेवलं. मी चेन ओढली. रनर हातात आला. मी म्हटलं, मुलं फार हिसके मारतात. ही उठून आत गेली.

मुलं हिसके मारतातच. हे मी उगाच बोललेलो नाही.

११ जुलै
ऑर्डर गेल्यामुळे हिला चारजणींना घरी बसवावं लागणार. ताई आपणहून पहिली उठली. म्हणाली, मी मालकिणीची नणंद, मी बसून राहिले आणि दुसरीला उठवलं तर बरं दिसणार नाही.

संध्याकाळी तिच्या खोलीवर गेलो. ती स्टोव्हची वात कापत होती. म्हटलं, ताई, थोडे दिवस कळ काढ, ड्युटी लागली की सगळं सुरळीत होईल. तिने विचारलं, ड्युटी लागली की दप्तर स्वस्त होईल का? मी म्हटलं, तसं नाही, पण देशाच्या दृष्टीने. ती म्हणाली, "बरं. चहा घेणार?"

ताईला अर्थकारण समजायला वेळ लागेल.

१६ जुलै
एकाच टपालाने दोन पत्रं. एक मला: दोन ऑगस्टला आयात ड्युटीच्या सुनावणीला हजर राहावे, बाजू मांडावी. दुसरं हिला. तेच कागद, तीच तारीख. दप्तर आणि बॅग बनवणाऱ्यांच्या संघटनेने त्यांच्या वतीने बोलायला हिला निवडलं आहे.

माझ्याविरुद्ध. माझ्याच घरातून.

१८ जुलै
घरात हवा तंग. दोघं एकाच टेबलावर दोन टोकांना भाषणं लिहितो. मी लिहिताना हाताने आडोसा करतो. ही करत नाही.

आज न राहवून म्हटलं, तू गेली नाहीस तर चालणार नाही का? लोक काय म्हणतील, अध्यक्षाची बायको समोरच्या बाजूला.

हिने पेन खाली ठेवलं. "तुम्ही मावशींसाठी लढताय ना? मग लढा. मला तुमचं ते आवडलं होतं. पण तुमची चेन आम्ही घ्यावी म्हणून सरकारने आमचा हात पिरगळायचा, हे मला नाही पटत. चांगली करा, आम्ही धावत येऊ."

मी म्हटलं, चांगली करायला वेळ लागतो, तोवर संरक्षण हवं.

"किती वेळ?" ही म्हणाली. "चौदा वर्षं तुम्हीच तपासताय."

हा वैयक्तिक हल्ला होता. वहीत नोंद करून ठेवतो, उत्तर नंतर देईन.

२९ जुलै
आरशासमोर भाषणाची तालीम. चौदा मिनिटं. 'घाम' हा शब्द नऊ वेळा आला. चांगला आकडा.

२ ऑगस्ट, संध्याकाळ
सुनावणी झाली. जिंकलो असं वाटतं. नीट लिहून ठेवतो.

लांब खोली, लांब टेबल, मधोमध अधिकारी बाई. त्यांच्या समोर कागदांचे तीन ढीग. माझ्याबरोबर मावशी. नेसायला त्यांनी ठेवणीतलं काढलं होतं, हात सारखे मांडीवर पुसत होत्या. ही चार खुर्च्या पलीकडे. हिच्या मांडीवर एक दप्तर. ते कोणतं दप्तर हे मी लगेच ओळखलं. परत आलेल्यांतलं.

मला पुकारलं. बोललो. घाम, पिढ्या, पोटावर पाय, सगळं सांगितलं. सहाव्या मिनिटाला बाईंनी हात वर केला. म्हणाल्या, भावना कळल्या, प्रश्न साधा आहे. तुमचा माल महाग आहे म्हणून खपत नाही, की त्यात काही दोष आहे?

ही माझ्याकडे बघत होती. मावशीही.

म्हणालो, दोष नाही. तपासणी मी स्वतः करतो.

बाईंनी लिहून घेतलं. मग मावशींना विचारलं. मावशी उभ्या राहिल्या. पाठ केलेलं सगळं विसरल्या. म्हणाल्या, "बाई, तिकडे चेन बांधणारीही माझ्यासारखीच कुणीतरी असेल. तिचं वाईट व्हावं असं मला वाटत नाही. पण माझंही होऊ नये." आणि बसल्या. मी कपाळाला हात लावला. तिकडच्या बाईचं काय काढायचं.

मग हिची पाळी. बाईंनी विचारलं, इथली चेन वापरून पाहिली का तुम्ही?

हिचे हात दप्तरावर होते. एकदा चेन ओढून दाखवली असती तर सगळं तिथेच संपलं असतं. मी मनात आकडे मोजायला लागलो.

ही म्हणाली, "पाहिली. त्याबद्दल मला बोलायचं नाही."

बाई म्हणाल्या, बोललात तर तुमच्याच फायद्याचं आहे.

"असेल. मी त्या नऊजणींचं सांगायला आलेय. यांच्या साठ लोकांना काम असावं, ते काम जाऊ नये. पण आमचं काढून त्यांना द्यायचं असेल तर काढण्याआधी आमच्याकडेही एकदा बघा. आम्ही पण इथल्याच आहोत."

एवढंच. दीड मिनिट.

परत येताना बसमध्ये ही आणि मावशी एका सीटवर बसल्या. सगळा रस्ता बोलत होत्या. मी मागच्या सीटवर. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही.

हिने दप्तर का दाखवलं नाही यावर विचार केला. निष्कर्ष: माझ्या भाषणाने तिचा मुद्दा लंगडा पडला हे तिला जाणवलं असणार.

२९ ऑगस्ट
ड्युटी लागली. जबर. कारखान्यात जल्लोष. मालकांनी मला खांद्याला धरून सगळ्यांसमोर उभं केलं. पेपरात फोटो आला. माझा डावा अर्धा चेहरा आहे, उजव्या अर्ध्यापुढे मालकांचा हात आलाय. तरी ओळखू येतो.

मावशी जवळ आल्या, डोळे भरलेले. म्हणाल्या, तुमचे उपकार कसे फेडू. मी म्हटलं, कर्तव्य.

घरी फोटो दाखवला. हिने पाहिला, घडी घालून परत दिला. म्हणाली, मावशींसाठी बरं वाटलं. खरंच बरं वाटलं असावं. चेहरा तसा होता. त्यामुळेच आणखी अवघड झालं.

११ सप्टेंबर
मालकांनी आपल्या चेनचा भाव वाढवला. जेवढी ड्युटी, जवळजवळ तेवढाच. विचारायला गेलो. म्हणाले, आता गुंतवणूक करायची आहे, दर्जा सुधारायचा आहे. ऐकून समाधान वाटलं. हेच मी हिला सांगत होतो, वेळ लागतो.

२३ सप्टेंबर
हिने हॉलची किल्ली छापखानेवाल्याला परत केली.

घोटाळा असा: ड्युटी चेनवर आहे. तयार दप्तराला लागलेल्या चेनवर नाही. त्यामुळे बाहेरची तयार दप्तरं पूर्वीच्याच भावात येतात, आणि हिची महाग झाली. हे सुनावणीच्या कागदात होतं म्हणे, सुनावणी सुरू होण्याआधी हिने बाईंना दाखवलंही होतं. मी तेव्हा भाषणाची पानं लावत होतो.

उपाय सुचला. जेवताना सांगितला. दप्तर बचाव समिती. दप्तरांवरही ड्युटी मागायची. अनुभवी अध्यक्ष आयताच उपलब्ध आहे.

ही हसली. दोन महिन्यांनी पहिल्यांदा हसली. ते हसणं बरं नव्हतं. हसता हसताच उठली आणि नळ सोडून उभी राहिली. भांडी सगळी घासून झालेली होती.

ताई सोडून उरलेल्या आठजणींपैकी दोघी घरकामाला लागल्या. एक गावी गेली. बाकीच्यांचं माहीत नाही. ताई रोज सकाळी तयार होऊन खोलीत बसते. कुठे जायचं नसतं. सवय म्हणून.

६ ऑक्टोबर
मोठमोठ्या पेट्या आल्या. नवी मशिनं. मालक दर्जाबद्दल बोलले होते ते हेच. माणसाने किती एकवचनी असावं.

पेट्यांवर परकी अक्षरं होती. हिच्या हॉलमधल्या खोक्यांवर होती तीच. पण चेनवर ड्युटी आहे, मशिनवर नाही. मशिन हा भाग ब.

८ ऑक्टोबर
मशिन सुरू झालं. कॅमेरा लावलाय. शंभरात एक नाही, शंभरच्या शंभर चेन बघतो. खराब असेल ती बाजूला फुंकून टाकतो. चांगल्या आपोआप मोजून, बांधून बाहेर. डझनाला बाराच.

मावशी शेजारी उभ्या राहून बघत होत्या. बराच वेळ. मग मला म्हणाल्या, छान बांधतंय हो.

मी म्हटलं, मशिनवर लक्ष ठेवायला माणूस लागणारच.

१९ ऑक्टोबर
फळ्यावर यादी लागली. साठ नाही. चौसष्ट.

माझं नाव नाही. अनुभवाची कदर अजून शिल्लक आहे. तपासणी विभागच उरला नसल्यामुळे मला फाटकावर घेतलंय. ट्रकचे नंबर, येण्याजाण्याच्या वेळा. एका अर्थी बढती. आता कारखान्यात माझ्या सहीशिवाय काहीच आत-बाहेर जाणार नाही.

मालकांना भेटलो. म्हटलं, साहेब, आपण तर माणसं वाचवायला ड्युटी मागितली. ते म्हणाले, कारखाना वाचला ना? कारखाना वाचला म्हणजे उरलेली वाचली. ड्युटीने वेळ मिळवून दिला, त्या वेळेत मशिनं घेतली. तुमचं योगदान मोठं आहे.

योगदान मोठं आहे, असं त्यांनी स्वतः म्हटलं.

३१ ऑक्टोबर
आज चौसष्ट जणांचा शेवटचा दिवस. फाटकावर मी.

रजिस्टरमध्ये प्रत्येकाची बाहेर पडायची वेळ लिहायची, सही घ्यायची. काहींनी सही दुसरीकडे बघत केली. मीही दुसरीकडे बघत होतो, त्यामुळे दोन नावांच्या ओळी एकमेकींत गेल्या.

मावशी शेवटी आल्या. हातात डबा आणि एक जुनी चप्पल, कामावर घालायची. मी 'मावशी' म्हटलं आणि पेन उचललं. पाच वाजता सुटी म्हणून सवयीने पाच लिहायला लागलो.

मावशी म्हणाल्या, "साडेपाच लिहा, साहेब. मी साडेपाचपर्यंत होते."

साडेपाच लिहिले. त्यांनी ते वाचून पाहिलं, मग सही केली.

जूनमध्ये मी त्यांना जे म्हणालो होतो ते त्यांनी काढलं नाही. काढलं असतं तर उत्तर तयार होतं. परिस्थिती बदलते वगैरे.

१७ नोव्हेंबर
घरात हिचं काम पुन्हा सुरू झालं. बॅगांच्या चेन दुरुस्त करते. बाहेरची चेन बाजारातून गेल्यापासून आमच्या जुन्या स्टॉकच्या चेन सगळीकडे लागल्या आहेत, त्यामुळे गिऱ्हाईक भरपूर. ताई मदतीला येते. मावशीही दोनदा येऊन गेल्या, रनर बदलायला शिकल्या.

म्हणजे पाहिलं तर रोजगार निर्माण झालाच. हिला हे सांगणार होतो. पण हिच्या तोंडात तेव्हा चार पिना होत्या, आणि नजर माझ्याकडे होती.

२ डिसेंबर
गिऱ्हाईक आहे, पण दुरुस्तीचे पैसे तिघींना पुरत नाहीत. ताई परदेशी जाणार.

एक एजंट बायकांना तिकडच्या बॅग कारखान्यात नेतो. तिकडच्या म्हणजे ज्यांच्याशी आपला लढा आहे त्यांच्या नव्हे, तिसऱ्याच. तिथे शिवणाऱ्या हातांची वानवा आहे म्हणे. वर्षभर काम करायचा परवाना. राहायला खोली, खोलीत सहाजणी.

समजावलं. म्हटलं, या वयात, परक्या लोकांत, परक्या भाषेत. आणि तत्त्वाचा प्रश्न आहेच, त्यांच्यासाठी का शिवायचं.

ताई म्हणाली, "मग इथे कुणासाठी शिवू, सांग."

सुचलं की कळवीन म्हटलं.

२० डिसेंबर
ताईला गाडीत बसवून आलो. एकच बॅग. बॅगेची चेन हिने नवी लावून दिली. ताईने माझ्या गालावरून हात फिरवला, मी सातवीत असताना फिरवायची तसा. मी तिला म्हटलं, काही अडचण आली तर मला सांग, माझ्या ओळखी आहेत.

११ जानेवारी
ताईचा फोन. काम बरं आहे. थंडी फार. हाताची बोटं आखडतात, मग शेजारची तिचे हातमोजे देते. तिथल्या बायका आधी बोलत नव्हत्या, आता हसतात.

खूश झालो. जग हे शेवटी एक कुटुंब आहे.

८ फेब्रुवारी
ताईचा फोन. कारखान्याच्या फाटकाबाहेर तिकडचे लोक रोज फलक घेऊन उभे राहतात. एकीने वाचून अर्थ सांगितला: आमची कामं बाहेरच्यांनी घेतली. रोज सकाळी ताई आणि तिच्यासोबतच्या त्यांच्यामधून आत जातात. कुणी अंगाला हात लावत नाही. फक्त बघतात.

विचारलं, किती जण असतात? म्हणाली, तीसेक. मी म्हटलं, मग घाबरू नकोस, तिसांनी काही होत नाही, निवेदन चांगलं लागतं, पुढारी खमक्या लागतो. ताई म्हणाली, आहे एक. मधोमध उभा राहून बोलतो. भाषा कळत नाही, पण खूप वेळ बोलतो.

हिने फोन माझ्याकडून घेतला आणि बाहेर जाऊन बोलली. पाऊण तास.

१ मार्च
ताईचा फोन. सगळ्यांचे परवाने रद्द झाले. शनिवारी परत येते आहे.

म्हटलं, असं कसं करू शकतात? तू त्यांचं काय घेतलं होतंस? कष्टाने शिवत होतीस. कुणीतरी तिकडे जाऊन त्या लोकांना सांगायला हवं. त्या पुढाऱ्याला सांगायला हवं. ताई, कसा माणूस आहे तो?

फोनवर गाड्यांचा आवाज येत होता. मला वाटलं, लाइन गेली.

ताई म्हणाली, "वाईट नाही रे. शेवटच्या दिवशी फाटकापाशी मला वाट करून दिली त्याने. त्याच्याबरोबर एक बाई असायची, माझ्याच वयाची. तिच्यासाठी करत होता सगळं."

५ मार्च
शनिवारी ताईला आणायला जायचं म्हणून रजा मागितली. मिळाली नाही. मालक म्हणाले, फाटकावर ठेवायला दुसरं माणूसच नाही.

ही आणि मावशी जाणार आहेत.